मरिया रडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही

आमच्या घरात बिर्याणीला दम द्यायला मिनिटं लागत नाहीत, एक लाजर लागतो.

(लाजर हा मसाला नव्हे. बायबलमधला तो, जो मेला, थडग्यात ठेवला गेला आणि येशूच्या हाकेसरशी जिवंत होऊन चालत बाहेर आला. माझ्या सासरच्या एका पाहुणीने बार्शीच्या बाजारात जाऊन पाव किलो लाजर मागितला होता, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

माझे पप्पा, शुक्रवार पेठेतले शमुवेलअण्णा, पेशाने आचारी आणि जन्माने गवई. अख्ख्या सोलापुरात आमच्या समाजातलं लग्न, बाप्तिस्मा, नाताळचं जेवण, काहीही असो, हंडीवर पप्पा आणि चर्चमध्ये गायलाही पप्पाच. त्यांच्या पाटीवर पेंटरने जागा वाचवायला 'मटण, चिकन व भक्तिगीते' असं एका ओळीत रंगवलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. "बरोबरच हाय की," म्हणाले, "आपण येगळं कुटं करतो?"

आणि खरंच वेगळं करत नाहीत. पप्पांनी स्वतः रचलेली बायबलमधल्या गोष्टींची गाणी आहेत, आणि प्रत्येक पदार्थाला एकेक गाणं नेमून दिलेलं आहे. बिर्याणीचा कांदा तळायला जक्कय. हा बुटका गृहस्थ येशूला बघायला झाडावर चढला होता. गाण्यात तो झाडावरून उतरला की कांदा कढईतून उतरवायचा. पायासूपला नोहा. त्यात सगळे प्राणी जोडीजोडीने तारवात चढतात. हत्ती चढेपर्यंत पाया नुसता चिवट असतो, उंट चढले की हाडापासून सुटायला लागतो. आणि दमाला लाजर. लाजर आजारी पडतो, त्याच्या बहिणी मार्था आणि मरिया येशूला निरोप धाडतात, लाजर मरतो, मार्था वेशीपर्यंत धावत जाते, मरिया रडते, थडग्यावरची धोंड ढकलतात आणि पप्पा वरच्या सुरात हाक देतात, "लाजरा, ये बाहेर!" की हंडीचं झाकण काढायचं.

पप्पांनी आम्हा दोघी बहिणींची नावंही मार्था आणि मरिया ठेवली आहेत. ती बायबलवरून ठेवली की बिर्याणीवरून, याचा निकाल अजून लागलेला नाही.

मी एकदा म्हटलं होतं, "पप्पा, मोबाईलवर गजर लावा ना सरळ!"

पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिर्याणीत गूळ घालायला सांगितलं.

"गजराला नाक हाय का?" ते म्हणाले. "कोळसा वला असला, वारं सुटलं, मटण जून निघालं, तर मी चाल संथ करतो. वास आला तसा पुढं सरकतो. तुजा मोबाईल करतोय व्हय असलं?"

पप्पांचा उजवा हात म्हणजे बाबूभाई. पक्का नमाजी माणूस, पण आमची सगळी गाणी त्याच्या कानात मुरलेली. भर स्वयंपाकात "अण्णा, जक्कय उतऱ्या क्या? कांदा जल रा!" असा त्याचा आरडाओरडा चाललेला असतो. मात्र स्वतः एक ओळ गाणार नाही. "मेरेकू सुनने का आता, गाने का नै आता," म्हणतो. विस्तव त्याचा आणि गाणं अण्णांचं, अशी वाटणी पहिल्यापासून आहे.

आता माझं. आमचं सगळं घर चर्चच्या क्वायरमध्ये आहे. मम्मी गाते, मरिया गाते, जॉनकाका पेटी वाजवतात. माझा नवरा तर लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला क्वायरमध्ये घेतला गेला. (त्याला गाता येतं हे त्याने लग्नाआधी लपवून ठेवलं होतं!) बाहेर आहे ती मी एकटी. लहानपणी क्वायरच्या बाईंनी मला प्रेमाने जवळ घेऊन सांगितलं होतं, "मार्था बाळ, तू नुसतं तोंड हलव." मी इतकं मन लावून तोंड हलवलं की पुढच्या वर्षी त्यांनी मला कंदील धरायला दिला. मी आता बार्शीच्या शाळेत शिकवते. तिथेही प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक मला रांगा सरळ करायला पाठवतात.

पप्पांसाठी मात्र आम्ही दोघी पोरी म्हणजे सगळं जग. एकदा त्यांना दुबईच्या मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं होतं. मम्मीने बॅगसुद्धा काढली माळ्यावरून. पप्पा म्हणाले, "तितं समदं हाय, पण माज्या पोरींच्या केसांच्या येण्या कोण घालणार?" आणि बॅग परत माळ्यावर गेली. दिवसभर शंभर माणसांचं रांधून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा चुलीपाशी उभा राहायचा, कारण मरियाला त्यांच्या हातचीच आमटी लागायची. आमच्या गल्लीत बाप घरी आला की पोरं अभ्यासाला बसायची. आमच्याकडे बाप आला की गाणं सुरू व्हायचं. असा बाप दुसऱ्या कुणाला मिळाला असेल तर त्याने खुशाल पुढे यावं, मी त्याच्याशी भांडायला तयार आहे!

या माणसाची एकच इच्छा होती. पोरीच्या लग्नाचं जेवण आपल्या हाताने करायचं आणि तिला आशीर्वादाचं गाणं आपल्या गळ्याने म्हणायचं. माझ्या वेळी अर्धीच पुरी झाली. माझ्या सासरच्यांनी बार्शीचा केटरर आधीच ठरवून टाकला होता. पप्पा गायले, पण त्यांचं सगळं लक्ष पलीकडच्या मांडवातल्या डाळीकडे होतं. ती खाली लागत होती आणि त्यांना उठता येत नव्हतं. "तुज्या लग्नात तुज्या पप्पाच्या गाण्यात मीठ कमी पडलं," असं मम्मी अजून म्हणते. म्हणजे आता मरियाचं लग्न ही शेवटची संधी. तिच्यासाठी पप्पांनी नवीन गाणं रचलं आणि कुणाला, अगदी मम्मीलाही, ऐकवलं नाही. पोरगी वेदीपाशी उभी राहील तेव्हाच म्हणायचं, असं ठरलं होतं.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली चुली मांडल्या. चर्चची मोठी खिडकी बरोबर त्या अंगणात उघडते. बेत सोपा होता. लग्न लागायचं, पप्पा गायचे, मग बाहेर येऊन हंडी दमावर ठेवायची आणि निवांत लाजर म्हणायचा. तोवर लोकांचे फोटो.

पण नवरदेव आलाच नाही!

म्हणजे आला, पण फार उशिरा. नवरदेव कुर्डुवाडीचा, रेल्वेत नोकरीला. त्याचे वडील रेल्वेत, आजोबा रेल्वेत. आणि हे सगळं वऱ्हाड कुठे अडकलं होतं, तर रेल्वेच्या फाटकात! एक मालगाडी बरोबर फाटकात येऊन उभी राहिली आणि हलेना. नवरदेवाचे वडील खाली उतरून त्या गाडीवर खूप ओरडले म्हणे, पण ते आता रिटायर झालेले आहेत.

वऱ्हाड दारात आलं तेव्हा सगळ्यांची पोटं पाठीला लागली होती. मम्मी अंगणात धावत आली.

"अवं, आत्ताच दमाव ठिवा ती हंडी! लगीन लागून मग ठिवली तर माणसं दिवेलागणीला जेवतील!"

"आन् लाजर कोण म्हनंल? मी आत असणार की!"

दोघांनी इकडेतिकडे पाहिलं. क्वायरमधला प्रत्येक गळा आत हवा होता. अंगणात रिकामा उभा होता तो एकच गळा. माझा.

"न्हाय," पप्पा म्हणाले.

"न्हाय न्हाय," मम्मी म्हणाली.

मला इतका राग आला! मी शिकलेली बाई आहे, उपाय माझ्या हातात होता. मी मोबाईल काढला. "पप्पा, तुम्ही आत्ता इथे लाजर म्हणा. मी रेकॉर्ड करते. तुम्ही आत जा, मी हे लावते. गाणंही तुमचं, चालही तुमची!"

पप्पांना पटलं नव्हतं, पण पेटी वाजायला लागली होती. त्यांनी कोळशाकडे बघून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, एका दमात लाजरची सगळी कडवी एकेकदाच म्हटली आणि कोणतं किती वेळा फिरवून लावायचं ते मला सांगितलं. बाबूभाईने कणकेने झाकण लिंपलं, वर निखारे ठेवले. पप्पांनी ॲप्रन काढून कोट चढवला आणि जाता जाता माझा हात धरला.

"मार्था, काय बी झालं तरी मरिया रडल्याबिगर झाकण उगडायचं न्हाय. तितं भात फुलतो."

"हो पप्पा, जा तुम्ही!"

मी भरजरी साडीचा पदर खोचला, रेकॉर्डिंग लावलं आणि फोन कोशिंबिरीच्या पातेल्याच्या काठावर टेकवून ठेवला. लाजर आजारी पडला. बाबूभाई मान डोलवत निखारे सारखे करू लागला. किती सोपं असतं हे सगळं, असं मला वाटलं. आणि फोन वाजला.

नवरदेवाचे मामा! ते स्वतःच्या मोटारसायकलवरून आले होते आणि भलत्याच चर्चच्या दारात उभे होते.

"हितं कोणच न्हाय की वो! लगीन मोडलं काय?"

त्यांना रस्ता सांगून होईपर्यंत रेकॉर्डिंग कुठे थांबलं होतं ते सापडेना. मी घाईने बोट फिरवलं. माझ्या बोटाला तूप होतं. फोन सुळकन निसटला आणि कोशिंबिरीत गेला.

"बेबी, फोन दही में गया," बाबूभाईने शांतपणे बातमी दिली.

"काढा ना मग!"

त्याने डाव घालून फोन वर काढला. फोनला चिकटलेल्या कांद्याकाकडीतून पप्पांचा आवाज एकदा आला, "प्रभू, तुझा मित्र आजारी..." आणि तो मित्र तिथेच दगावला.

आता काय? आत पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला होता. (आमचे पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की पायासूपसुद्धा करून होतं.) बाबूभाई माझ्याकडे बघत होता. हंडी माझ्याकडे बघत होती.

"बाबूभाई, तुम्हाला अंदाज असेलच की! तुम्हीच सांगा कधी काढायचं ते."

"मैं क्या बोलूं? गाना सुनता तो हाथ चलता. गाना नै, तो हाथ नै," असं म्हणून तो स्टुलावर बसला. "तुम गाओ बेबी."

"मी?"

"लाजर मरेला है, बेबी. जल्दी करो."

मी गायला लागले.

माझ्या गाण्याचं वर्णन मी स्वतः करणं बरं दिसत नाही. एवढंच सांगते, की कडुनिंबावरचे कावळे उठले, मांडवावर माळा बांधणारा माणूस शिडीवरून खाली आला आणि "ताई, भाजलं का कुटं?" असं विचारून गेला. शेजारच्या घरातल्या एका आजीने खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढे केला. पण मी थांबले नाही. उलट घाबरल्यामुळे माझी चाल वाढत गेली. पप्पांचा लाजर सावकाश मरतो, माझा धाडकन गेला.

"धीमे, बेबी, धीमे!" बाबूभाई ओरडला. "ये लाजर है, रेलगाडी नै!"

मी चाल आवरली. मार्था वेशीपर्यंत धावली. हे माझं कडवं, ते मला पहिल्यापासून पाठ.

आता मरियाचं कडवं. मी सूर लावायला मान वर केली आणि खिडकीतून आत नजर गेली. भुकेलं वऱ्हाड बघून पाळकसाहेबांनी आज उपदेश लवकर आवरला होता. वेदीपाशी मरिया उभी होती, पांढऱ्याशुभ्र साडीत, डोक्यावर जाळीचा पदर. तो पदर एका बाजूला घसरला होता आणि पप्पा तो दोन्ही हातांनी सारखा करत होते, लहानपणी शाळेत निघताना तिच्या रिबिनी सारख्या करायचे अगदी तसेच. ही माझी एवढीशी बहीण आता कुर्डुवाडीला जाणार. आता मी बार्शीहून माहेरी आले की दार कोण उघडणार? तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. क्वायरच्या बाईंनी शिकवलं होतं तसं नुसतं तोंड हललं.

आणि मी ते कडवं सोडून दिलं. डोळे पुसले आणि सरळ पुढच्या ओळीवर उडी घेतली, "ढकला रे धोंड!"

बाबूभाई उठला, पण घुटमळला. "मरिया रोयी नै अबी."

"रडली, बाबूभाई! मनात रडली!"

"मन में रोने से चावल नै पकता, बेबी!"

आता मात्र माझ्यातली शिक्षिका जागी झाली. वर्गात पोरं शंका काढायला लागली की मी जो आवाज काढते तो काढून मी गरजले, "लाजरा, ये बाहेर!"

बाबूभाई मुकाट्याने सुरी घेऊन कणीक सोडवायला लागला.

बरोबर त्याच वेळी आत पप्पा गायला उभे राहिले होते. जॉनकाकांनी सूर दिला. चर्च शांत. पप्पांनी खिशातून रुमाल काढला, मरियाकडे पाहिलं, इतके दिवस जपून ठेवलेलं गाणं म्हणायला श्वास घेतला आणि माझी ती आरोळी खिडकीतून आत गेली.

पप्पांचा चेहरा मला खिडकीतून स्पष्ट दिसला. आधी गोंधळला, मग बाहेरून कानावर आलेली कडवी मोजल्यासारखी बोटं हलली, मग डोळे मोठे झाले. मरिया रडलेली नाही! म्हणजे भात कच्चा! पाळकसाहेबांसमोरून उठून पळता तर येत नाही. पोरीचं लग्न आहे. मग या माणसाने काय करावं? त्याने पोरीकडे पाहत, तसाच हात उंचावून, भरल्या आवाजात गायला सुरुवात केली:

"मरिया रडते, थांबा थोडं,
धोंड नका ढकलू,
अश्रू तिचे सुकल्यावाचुन
दार नका उघडू!"

"अण्णा बोल्या रुको!" बाबूभाईने सुरी टाकली, सुटलेली कणीक अंगठ्याने परत दाबली आणि वर दोन फावडी निखारे ओतले.

आत सगळे थक्क. पण आमचं घर ते घर! जॉनकाकांची बोटं आपोआप लाजरच्या चालीवर गेली, मम्मीने सूर उचलला आणि क्वायर मागोमाग गायला लागली. आणि मरिया? तिला वाटलं हेच आपलं गाणं. आपलं नाव ऐकून ती ढसाढसा रडायला लागली. तिचं बघून पहिली रांग रडली, मग दुसरी. बाहेर मीही हंडीपाशी हुंदके देत होते. जी मरिया माझ्याकडून रडवायची राहिली होती, ती पप्पांनी चर्चभर रडवली.

नवरदेवाच्या आईने मात्र मम्मीला कोपर मारलं. "काय वो विहीणबाई, लग्नात थडग्याचं गाणं म्हनत्यात व्हय तुमच्यात?"

मम्मी सूर न सोडता म्हणाली, "पद्धत हाय आमच्यात. आदी रडून घ्यायचं, मग उटायचं."

पप्पा काही थांबेनात. तेच कडवं ते पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले, दर वेळी जरा संथ. पाळकसाहेबांनी दोनदा घसा खाकरला. पप्पा एक डोळा मरियावर आणि नाक खिडकीवर ठेवून गात होते. अखेर वाऱ्याची झुळूक आली आणि अंगणातून तो वास आत शिरला. मुरलेल्या भाताचा, मटणाचा, जक्कयासोबत वेळेवर उतरलेल्या कांद्याचा. पप्पांची छाती फुलली. त्यांनी मान मागे टाकली आणि अशी हाक दिली की काचा थरथरल्या:

"लाजरा, ये बाहेर!"

बाबूभाईने झाकण काढलं.

नवरदेव बिचारा आधीच भेदरलेला, त्यात हे मोठ्या आवाजातलं 'ये बाहेर'. तो दोन पावलं दाराकडे चालू लागला. त्याच्या मामांनी (तेवढ्यात पोहोचले होते!) त्याला कोटाला धरून परत उभं केलं. वाफेबरोबर वास चर्चभर पसरला आणि उपाशी वऱ्हाडाने एका सुरात जे 'आमेन' म्हटलं, तसं आमेन त्या चर्चमध्ये आजवर झालेलं नाही. पाळकसाहेबांनी पुढची प्रार्थना अर्ध्यावर आटोपली.

मी झाऱ्याने भात वर काढून बघितला. एकेक शीत मोकळं, लांबसडक, बोटाने दाबलं की मऊ. मी तिथेच कडुनिंबाला टेकून बसले.

पण तेवढ्यात मला वेगळीच गोष्ट आठवली. पप्पांचं गाणं! पोरीसाठी रचलेलं, कुणालाच न ऐकवलेलं गाणं राहूनच गेलं होतं. अंगठ्या घालून झाल्या, सह्या झाल्या, सगळे बाहेर आले. माझ्या वेळी मीठ कमी पडलं होतं, आणि मरियाच्या वेळी मी गाणंच खाऊन टाकलं होतं.

पप्पा कोट काढून, ॲप्रन बांधून हंडीपाशी आले. मी म्हटलं, "पप्पा, माझ्यामुळे तुमचं गाणं..."

"भात बग आदी," ते म्हणाले. चाखला. डोळे मिटले. "झालाय की ग. फस्क्लास झालाय."

नवरानवरीचं पहिलं ताट वाढलं. सगळी पंगत त्यांनी पहिला घास घ्यायची वाट बघत होती. मरियाने घास उचलला आणि परत ठेवला.

"पप्पा, ते माझं गाणं नव्हतं. ते बिर्याणीचं होतं."

"तुला कळलं व्हय?" पप्पा म्हणाले.

"लहानपणापासून ऐकते मी ते! माझं गाणं कुठंय? ते म्हटल्याशिवाय मी जेवणार नाही."

आणि ती जेवल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं! नवरदेवाचे मामा हातातल्या घासाकडे दीनवाणे बघत होते. जॉनकाकांची पेटी आत राहिली होती, क्वायर ताटावर बसली होती. पप्पा हंडीपाशी उभे, एका हातात झारा, कपाळावर घाम, कोळशाचा एक पट्टा गालावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मार्था, हितं हुबी ऱ्हा. मागनं म्हन."

"मी? पप्पा, लोकांना जेवायचंय अजून!"

"म्हन ग. तुजी बहीण हाय की."

बाबूभाईने हंडीच्या झाकणावर ठेका धरला आणि पप्पा गायले. "जा पोरी, तुझ्या चुलीला धूर कमी, ऊब जास्त असो..." साधंच गाणं होतं. त्यात ना मोठे शब्द, ना मोठ्या ताना. पण सबंध जन्म ज्याने दोन पोरींसाठी चूल पेटवली, त्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला इतका अभिमान वाटला की मीही मागून म्हटलं, नुसतं तोंड हलवून नाही, आवाजासकट. पप्पांनी ना मला थांबवलं, ना कंदील धरायला पाठवलं. उलट गाणं संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुपाचे डाग माझ्या केसांत राहिले. मरियाने रडत रडत घास घेतला. मामांनी तर रडण्यात वेळच घालवला नाही.

हात धुताना नवरदेवाची आई पप्पांना म्हणाली, "जेवन लई झ्याक झालं बगा. पन ती सैपाकाच्या अंगणात वरडत कोण हुती?"

"माजी थोरली," पप्पा छाती काढून म्हणाले. "ती गोड गळ्याची असती तर मी आत ऐकत बसलो असतो, आन् तुमी कच्चा भात खाल्ला असता. असला आवाज भिंतीतनं बी पार जातो. म्हनून तर कळलं!"

तेव्हापासून मला कायमचं काम मिळालं आहे. पप्पांचं मोठं जेवण असलं की बार्शीहून मला बोलावणं येतं. पप्पा आत गातात, मी बाहेर लाजर म्हणते, आणि मरियाला पोटभर रडू देते. लोकांनाही सवय झाली आहे. माझं गाणं चालू असेपर्यंत जेवण तयार नाही आणि ते संपलं की पान वाढलंच, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सोलापुरात गाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, माझ्यापेक्षा बऱ्याही आहेत. पण जिचं गाणं कधी एकदा संपतंय याची सगळा मांडव इतक्या आतुरतेने वाट बघतो आणि संपल्याबरोबर आनंदाने हात धुवायला पळतो, अशी गायिका मी एकटीच!